पुराआधीची घरसिद्धता



२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसर जलमय झाला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकली. गाडीतच थांबलेल्या सहस्राहून अधिक प्रवाशांची नौकांच्या साहाय्याने सुखरूप सुटका झाली. वाहत्या पाण्यात उतरू नये, हाच त्यातील धडा.

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील प्रत्येक विद्यार्थ्याने मृगापूर्वी घरी पाहावे : कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर आहेत काय? विजेरी, औषधे, गूळ-चणे हाताशी आहेत काय? पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच विजेचे मुख्य बटण कोण बंद करील? आजीला व तान्ह्या बाळाला प्रथम कोण हलवील? ही उत्तरे घरोघर ठरली, तरच पाठ पूर्ण झाला असे समजावे.