ग्रंथ हाती कसा येतो

(महोत्सवी वर्षातील वाचनसंध्येच्या आरंभी प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने आम्हांस आज्ञा केली ती अशी की, प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने वाचावेत अशा पंचवीस ग्रंथांविषयी आपल्यासमोर चार शब्द बोलावेत आणि त्यांची यादी स्मरणिकेत छापण्याकरिता लिहून द्यावी. आज्ञेचा पूर्वार्ध आम्ही पाळीत आहोत. उत्तरार्ध पाळता येत नाही, याबद्दल समितीने क्षमा करावी. पूर्वी एका धर्मग्रामात असताना अशीच एक यादी आम्ही मोठ्या हौसेने तयार केली होती व मंदिराच्या दाराशी फलकावर लाविली होती. पावसाळ्यात तिची शाई ओघळून जाईपर्यंत ती तेथे होती. परंतु तिच्यातील एकही पुस्तक मागावयास कोणी आले नाही. तेव्हा यादीने ग्रंथ हाती येत नाहीत, एवढे आम्हांस कळून चुकले. ते कोणत्या वाटेने येतात, हे आज सांगावयाचे आहे.

संत इग्नेशियस लोयोला यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आला आहात. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि त्यांस घरी आणून महिनोन्‌महिने अंथरुणावर ठेवावे लागले. वेळ जाईना म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात तसले एकही पुस्तक नव्हते. होते ते एवढेच: लुडोल्फ नावाच्या मठवासीयाने लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक ग्रंथ. दुसरे काही नाही म्हणून त्यांनी ते उघडले. पुढे काय घडले ते ठाऊकच आहे. आम्हांस या गोष्टीत विशेष वाटते ते निराळेच. ती दोन पुस्तके त्या घरात होती! उद्या आपल्या घरातील एखादा तरुण मोटारसायकलीवरून पडून तीन महिने अंथरुणास खिळला, तर त्याच्या हाती देण्यास आपणांपाशी काय आहे? घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने आम्ही आपली बहुतेक घरे आतून पाहिली आहेत. काचेच्या कपाटांत क्रिकेटचे चषक आहेत, लग्नाचे आल्बम आहेत, परदेशाहून आलेले चहाचे संच आहेत. बायबल आहे, परंतु पुष्कळ ठिकाणी ते वेष्टनातच आहे. राग मानू नये. आमच्याही खोलीत अशी काही पुस्तके आहेत, ज्यांची पाने अजून एकमेकांस चिकटलेली आहेत.

आता आपल्या भाषेतील एका ग्रंथाची कथा थोडी विस्ताराने सांगतो, कारण ती सांगण्यासारखी आहे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्याचा माणूस. येशूसंघात प्रवेश करून १५७९ च्या ऑक्टोबरात तो गोव्यास उतरला आणि १६१९ साली तेथेच त्याने देह ठेविला. आयुष्यातील जवळजवळ चाळीस वर्षे त्याने साष्टी व तिच्या आसपासच्या लोकांत काढिली. आपल्या भावास १५८३ साली लिहिलेल्या पत्रात त्याने नोंदविले आहे की, येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन यांसारखी आहे. पुढे विद्वानांनी या साम्यावर एक शास्त्रच उभारिले. त्याच्या कानांस ते आधीच जाणवले होते.

तो ज्या साष्टीत राहिला, तेथे त्यापूर्वी देवळे मोडली गेली होती व लोकांची जुनी पुस्तके हिरावून घेतली गेली होती. हे आपल्याच धर्माच्या नावाने घडले, हे सांगताना मान खाली जाते. परंतु महोत्सवाच्या वर्षी केवळ गोड तेवढेच सांगणे हाही एक प्रकारचा असत्यपणाच होय. पोर्तुगालातील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतातील कथांची त्या काळची रोमन लिपीतील कोंकणी व मराठी हस्तलिखिते आजही आहेत. ज्यांनी त्या कथा निषिद्ध ठरविल्या, त्यांच्याच मंडळींनी त्या उतरूनही घेतल्या होत्या! असो. पुराणे गेली आणि संध्याकाळ तेवढी उरली. दिवसभराचे काम आटोपून ओटीवर बसलेल्या माणसांनी करावे काय? स्टीफन्सने आपल्या ग्रंथाच्या आरंभीच हा प्रश्न एका नवख्रिस्ती श्रोत्याच्या तोंडी घातला आहे. तो पाद्रीगुरूस विनवितो की, आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर तशा धर्तीचे दुसरे काही आम्हांस द्यावे. त्या मागणीतून 'ख्रिस्तपुराण' निर्माण झाले. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात प्रभूचे चरित्र; मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. ज्ञानदेवांनी जो छंद वापरिला तोच या इंग्रज पाद्र्याने घेतला, आणि स्वर्गास 'वैकुंठ' म्हणावयास तो कचरला नाही.

१६१६ साली राचोल येथे हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापिला गेला. १६४९ व १६५४ साली पुन्हा छापिला गेला. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत कोठे असल्याचे ज्ञात नाही. १६८४ साली तर गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढिला की, लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. अशा हवेत देशी भाषेतील ग्रंथ पुनः कोण छापणार?

तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही. गोव्याहून कानडा प्रांतात जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत तो हातांनी उतरून घेतला जात होता व गाऊन ऐकविला जात होता. त्या दमट हवेत कागद किती टिकतो, हे समुद्रकाठच्या माणसांस आम्ही सांगावयास नको. एक प्रत विरली की दुसरी करावी लागे, आणि ती करण्याचे कष्ट घेतले जात, कारण पुढील उपवासकाळात ती वाचावयाची असे. अशाच हस्तलिखितांवरून जे. एल. सालढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास तो छापून काढिला. पुढे काही वर्षांनी जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने लंडनातील मार्सडन संग्रहात त्याची देवनागरी प्रत असल्याचे जगाच्या नजरेस आणिले. १९५६ साली पुण्यास शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती काढिली, आणि २००९ साली फादर नेल्सन फलकाव यांनी अर्वाचीन मराठी गद्यात अर्थ देऊन तो आपल्यासारख्यांस सुगम केला. म्हणजे पहिल्या छपाईनंतर जवळजवळ तीन शतके हा ग्रंथ विद्वानांनी नव्हे, तर ज्यांची नावेही कोणास ठाऊक नाहीत अशा वाचणाऱ्या व गाणाऱ्या माणसांनी सांभाळिला.

आमची व त्या ग्रंथाची ओळख कशी झाली, तेही सांगतो. शाळेच्या पुस्तकात मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या होत्या. त्या पाठ केल्या, गुण मिळविले आणि विसरलो. सेमिनरीत ग्रंथालयातून तो आणिला, मनातल्या मनात तीन-चार पाने वाचिली आणि जडशीळ वाटून परत ठेविला. पुढे साहाय्यक धर्मगुरू असताना एके रात्री वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून तोच ग्रंथ मोठ्याने वाचू लागलो. चार-पाच ओव्या झाल्या आणि जिभेने आपोआप चाल धरिली. ती चाल आमच्या आजीची होती. जात्यावर बसून ती जी म्हणत असे, तीच. आजीस अक्षरओळख नव्हती. त्या रात्री वीज केव्हा परत आली, हे आम्हांस समजले नाही.

याच काळातील एक दुसरी गोष्ट आहे. ती आजवर आम्ही कोणास सांगितली नव्हती. त्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ मिस्सेनंतर आमच्याकडे आले व त्यांनी एक शाळकरी वही आमच्या हाती ठेविली. त्यांच्या आईस येत असलेली लग्नातील गाणी आणि पवित्र आठवड्यात म्हणावयाची शोकगीते त्यांनी आपल्या बोलीत, तिच्या तोंडून ऐकून, पेन्सिलीने लिहून घेतली होती. "फादर, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्याकडे राहू द्या," एवढेच ते म्हणाले. आम्ही वही घेतली, त्यांचे आभार मानले, सवडीने पाहू म्हणून कपाटात ठेविली आणि कपाटास कुलूप लाविले. सवड मिळाली नाही, असे म्हणणे खोटे होईल. क्रिकेटचे सामने पाहण्यास आम्हांस सवड होती. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा कपाट उघडिले, तो वाळवीने आतले सर्व खाऊन मातीचे चर काढिलेले. वहीचा पुठ्ठा तेवढा उरला होता. त्याच दिवशी ते गृहस्थ निरोप घ्यावयास आले. त्यांनी वहीविषयी विचारिले. आम्ही सांगितले. ते काही बोलले नाहीत. थोडा वेळ उभे राहिले आणि आमच्या पेटीस दोरी बांधावयास हात लावून निघून गेले. त्यांची आई त्यापूर्वीच वारली होती.

कानड्यातील ज्या घरांविषयी आताच बोललो, त्यांची आठवण झाली की ही वही आम्हांस आठवते. त्यांच्याकडे कुलूप नव्हते.

चांगले पुस्तक न भेटण्यास आणखी एक कारण असते; ते म्हणजे आपला तोरा. लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' आम्ही चाळिशी उलटल्यावर प्रथम वाचिली. ही मंडळी आपल्या ख्रिस्तसभेची नव्हेत, असा एक क्षुद्र विचार मनाच्या कोपऱ्यात होता, हे कबूल करितो. १९३४ पासून १९३७ पर्यंत चार भागांत निघालेले हे आत्मचरित्र जिने लिहिले, तिला शाळा अशी मिळालीच नव्हती. पती नारायण वामन १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा तिच्यावर जे आकाश कोसळले, ते तिने लपविलेले नाही. आणि एवढे असून ते पुस्तक वाचताना माणूस हसतो! स्वतःविषयी इतके खरे व इतके हसतमुखाने लिहिणारे आमच्या वाचनात फारसे कोणी नाही. संत ऑगस्टिन आपल्या 'कबुलीजबाबा'त खरे बोलतात, परंतु हसवीत मात्र नाहीत. आपल्या भगिनीमंडळाने 'स्मृतिचित्रे' पाळीपाळीने एकेक प्रकरण मोठ्याने वाचावयास घ्यावीत, असे आम्ही सुचवितो.

आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव येथे घेतले पाहिजे. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणिले, आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ च्या जुलैत ते आपणांतून गेले. त्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसून आपण सर्वांनी अभिमानाने टाळ्या वाजविल्या. त्यांपैकी किती जणांनी त्यांचे एक तरी पुस्तक विकत घेतले, हे आम्ही विचारीत नाही.

आता आजच्या कार्यक्रमाकडे वळतो. माझ्या डाव्या हातास बसलेल्या आपल्या धर्मग्रामातील कन्येने आपला पहिला कथासंग्रह लिहिला आहे आणि त्यातील एक कथा ती आज वाचून दाखविणार आहे. गेल्या पंधरवड्यात दोन शिष्टमंडळे आम्हांस भेटून गेली. एकाचे म्हणणे, या कथांत आपल्याच वाड्यांतील वाडीविक्री, भावाभावांचे दावे, दारू, सगळे उघड्यावर मांडिले आहे. महोत्सवात हे नको. दुसऱ्याचे म्हणणे, बोलीत लिहिलेले पुस्तक बाहेरच्या पाहुण्यांसमोर वाचले तर आपले हसे होईल. आम्ही दोघांचेही ऐकून घेतले आणि पुस्तक मागवून घेतले. ते एका दिवसात वाचिले. एका कथेत एक फादर आहे. लोकांचे बोलणे ऐकताना तो सारखा घड्याळाकडे पाहतो. तो कोण, हे आम्ही लेखिकेस विचारिले नाही. परंतु तेव्हापासून घड्याळ काढून मेजाच्या खणात ठेवितो.

पुस्तके थांबविण्याचे काम आपल्या लोकांनी पूर्वी केलेले आहे. त्याचा वृत्तान्त आताच सांगितला. ते पुनः आमच्या हातून व्हावे अशी आमची इच्छा नाही. ज्यांस कथा पटणार नाही त्यांनी ऐकून घेऊन येथेच, हिच्या समोर, तसे सांगावे. पहिल्या पुस्तकाच्या लेखकास पाठीमागे बोललेल्या वाक्यापेक्षा समोर केलेली तक्रार पुष्कळ उपयोगी पडते.

एक व्यवहाराची गोष्ट सांगावयाची राहिली. पुढील महिन्यापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सायंकाळच्या जपमाळेनंतर याच सभागृहात एक तास वाचन होईल. प्रथम 'ख्रिस्तपुराणा'तील दुःखसहनाचा भाग घेऊ. वाचणारा निराळा असेल, प्रत्येक वेळी. आम्ही फक्त ऐकू. ज्यांच्या घरी आजी-पणजीची गाणी, जुन्या प्रार्थना, पत्रे लिहिलेली वही असेल त्यांनी ती बरोबर आणावी. ती आमच्याकडे ठेवून घेतली जाणार नाही. त्याच संध्याकाळी ती वाचून दाखविली जाईल, युवक मंडळातील मुले तिची छायाचित्रे घेतील, आणि वही ज्याची त्यास परत मिळेल.

आता आम्ही बसतो. ध्वनिक्षेपक थोडा खाली करावा, लेखिका आमच्याहून बुटकी आहे.