क्षमा कुणाची मागायची?



गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, आम्हा दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व सुरू होतं. अनंत चतुर्दशीला ते संपतं. श्वेतांबर जैनांचं पर्युषण आठ दिवसांचं असतं आणि ते संवत्सरीला पूर्ण होतं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे खेड्यापाड्यांतले बरेच जैन शेतकरीच आहेत. त्यामुळे भांगलण, वैरण, धारा हे सगळं सांभाळूनच बायका हे दहा दिवस पाळतात.

या दिवसांत कांदा, लसूण, बटाटा, गाजर घरात शिजत नाही. पाणी गाळून, उकळून प्यायचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं. कुणी एक वेळ जेवतं, कुणी कडक उपवास करतं. पण उपवास आपल्या ताकदीप्रमाणे करायचा असतो. गरोदर बाईनं, साखरेची गोळी चालू असलेल्या बाईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये. शेजारीण करते म्हणून तर मुळीच नको.

दहा दिवसांचे दहा धर्म आहेत: क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य आणि ब्रह्मचर्य. मार्दव म्हणजे गर्व सोडणं, आर्जव म्हणजे मनात एक आणि ओठावर एक न ठेवणं. पर्व संपल्यावर, भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावणी असते. त्या दिवशी लहानथोर एकमेकांची क्षमा मागतात.

आता माझीच गोष्ट सांगते. मी आमच्या बचत गटाची सचिव. तीन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीचा हप्ता वहीत दिसेना. ती म्हणाली, "अक्का, मी तुमच्याच हातात दिले की!" मी सगळ्यांसमोर म्हणाले, "वही खोटं बोलत नाही." तिनं मुकाट्यानं 200 रुपये पुन्हा भरले, वर दंडाचे 10. त्यानंतर ती बैठकीला यायची, पण मागं भिंतीला टेकून बसायची. बोलायची नाही.

पुढं पर्वाच्या आधी मी आणि सासूबाई घर झाडायला काढलं. डाळीच्या डब्यामागं कागदाची पुडी सापडली. आत 200 रुपये, वर माझ्याच अक्षरात तिचं नाव. कामाच्या गडबडीत ठेवले आणि विसरले होते. माझ्या पोटात गोळाच आला. पण लोक म्हणतील, सचिवच पैसे खाते. म्हणून गप्प बसले.

पर्व सुरू झालं. पहिल्या दिवशी क्षमा, दुसऱ्या दिवशी मार्दव, तिसऱ्या दिवशी आर्जव. बस्तीत बसून सगळं ऐकलं. चतुर्दशीला उपवासही केला. क्षमावणीला दिसेल तिला हात जोडले आणि समाधानानं घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "जिचं काही बिघडवलं नाहीस, तिची क्षमा मागून आलीस होय?"

मैत्रीण जैन नाही, त्यामुळे ती बस्तीत भेटणार नव्हती. तशीच उठले, तिच्या घरी गेले, पुडी पुढं ठेवली, हात जोडले. तिनं पैशाला हात लावला नाही. म्हणाली, "अक्का, इथं चुलीपुढं नको. जिथं मला बोलला, तिथं सांगा."

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले. पाय लटपटत होते. सगळं सांगितलं, दंडासकट 210 रुपये तिच्या हातात दिले आणि सचिवपद सोडते म्हणाले. तीच म्हणाली, "पद सोडू नका, पद्धत बदला." तेव्हापासून आमच्या गटात पैसे हातात घेतले की तिथल्या तिथं पासबुकावर सही होते. रस्त्यात, शेतात कुणी पैसे घेत नाही.

मैत्रिणींनो, सण तुमचा कोणताही असो. गटाच्या पुढच्या बैठकीला जाताना एक आठवा: आपल्या बोलण्यानं कुणी मागं जाऊन बसली आहे का? असेल तर तिच्याकडं आधी जा. आणि चारचौघांत दुखवलं असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागा.

माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल तर तुमचीही क्षमा मागते.