मापाकडून वजनाकडे



चिपटे, मापटे, शेर, अधोली व पायली ही मापे एके काळी महाराष्ट्रात घरोघरी होती. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे कोष्टक मुलांना मुखोद्गत असे. परंतु शेर हे नाव मापालाही होते आणि वजनालाही. वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. मापाचा शेर मात्र त्यात जे धान्य भरावे त्याप्रमाणे कमीअधिक वजनाचा होई. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला व १९५८ पासून नवी वजने वापरात येऊ लागली. तरीही माप व वजन एकच मानण्याची सवय सुटलेली नाही. लिटरभर म्हणजे किलोभर, असे आजही सहज बोलले जाते.

हे म्हणणे पाण्यापुरते खरे आहे. तेल पाण्याहून हलके असते. लिटरच्या पिशवीवर बहुधा ९१० ग्रॅम असा आकडा छापलेला आढळतो. तांदळाच्या दाण्यांत पोकळी राहते, म्हणून लिटरच्या मापात किलोभर तांदूळ मावत नाहीत. पोहे तर त्याहूनही कमी भरतात.

या भेदाचा परिणाम शाळेतील पानावर होतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. साठ मुलांच्या शाळेत सहा किलो तांदूळ शिजले पाहिजेत. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी लिटरचा डबा किलोचा समजून सहा डबे घेतले, आणि एका डब्यात ८०० ग्रॅमच तांदूळ मावत असले, तर ४८०० ग्रॅम तांदूळ शिजतील. बाराशे ग्रॅमची, म्हणजे बारा मुलांच्या वाट्याची तूट येईल. कोणाचीही लबाडी नसताना मुले अर्धपोटी उठतील.

उपाय सोपा आहे. रिकामा डबा प्रथम तोलावा. मग तो तांदळाने काठोकाठ भरून, शीग पट्टीने सपाट करून पुन्हा तोलावा. वजाबाकीने आतील तांदळाचे वजन मिळते. असे तीनदा करून सरासरी काढावी. ती ८०० ग्रॅम आली, तर ६००० ला ८०० ने भागून साडेसात डबे हे उत्तर येते. हा आकडा डब्यावर रंगाने लिहावा. डाळीचा डबा निराळा तोलावा. तांदळाचा प्रकार बदलल्यास पुन्हा तोलावे. पीठ चाळलेले हलके व दाबलेले जड भरते, म्हणून ते नेहमी तराजूनेच घ्यावे.

हे काम चौथी-पाचवीच्या मुलांकडून करवून घ्यावे. वजाबाकी, सरासरी व भागाकार यांचा याहून चांगला धडा मिळणे कठीण. कारण या उदाहरणाचे उत्तर त्यांच्याच ताटात वाढले जाणार आहे.