तंबाखूचे रोप आणि मशेरीची डबी

(प्राथमिक शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तंबाखूचे झाड आणि त्याचे उपयोग या विषयावर मी बोलावे असे ठरले आहे. विषय वनस्पतिशास्त्राचा असल्यामुळे प्रारंभ झाडापासूनच करतो. परंतु मला अखेरीस पोहोचावयाचे आहे ते आपल्या घराच्या कोनाड्यात ठेवलेल्या एका लहानशा डबीपर्यंत, हे आधीच सांगून ठेवतो.

तंबाखू ही वांगी, मिरची, टोमॅटो आणि बटाटा यांच्याच कुळातील वनस्पती होय. तिचे मूळ घर अमेरिका खंड. युरोपात ती गेली त्या काळी तिची ख्याती औषधी वनस्पती म्हणून होती. पोर्तुगालमधील फ्रेंच वकील जाँ निको याने १५६० च्या सुमारास ती औषध म्हणूनच आपल्या राजदरबारी पाठविली आणि त्याच्याच नावावरून पुढे वनस्पतीस ‘निकोटियाना’ व तिच्यातील द्रव्यास ‘निकोटीन’ हे नाव मिळाले. आपल्या देशात ती पोर्तुगिजांबरोबर आली. आदिलशाही विजापुरात ती चांगलीच रुळली होती. कारण अकबराचा वकील असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून परतला, तेव्हा एक नवलाची वस्तू म्हणून तंबाखू घेऊन गेला. ही वनस्पती आमच्या वैद्यकग्रंथांत नाही, तेव्हा बादशहांनी तिचे सेवन करू नये, असा आक्षेप दरबारातील हकिमाने घेतला होता. १६१७ साली जहांगीराने तिच्यावर मनाईही घातली. मनाईचे काय झाले हे आपण सारे जाणतोच. औषधाच्या वेषात घरात शिरावयाचे आणि मग घरचेच होऊन बसावयाचे, ही या वनस्पतीची जुनी रीत आहे. ती लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

तंबाखूचे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक दाणे मावतात. रोपे वाफ्यात वाढवून शेतात लावतात. झाड फुलावर येऊ लागले की शेंडा खुडतात, बगलेत फुटणारे कोंब काढून टाकतात आणि झाडाची सारी शक्ती पानांत उतरवितात. शेंडा खुडल्याने पान जाड होते व त्याचा कडकपणाही वाढतो, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे. त्यामागील शास्त्र मोठे मनोरंजक आहे. निकोटीन तयार होते ते पानांत नव्हे, मुळांत. तेथून ते पानांत चढते. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचे कलम केल्यास तंबाखूच्या पानांत निकोटीन जवळजवळ उतरतच नाही. उलट तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचे कलम केल्यास टोमॅटोच्या पानांत ते सापडते. झाडास इजा झाली की मुळे हे द्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात, आणि शेंडा खुडणे ही झाडाच्या दृष्टीने इजाच होय. थोडक्यात, निकोटीन हे पाने खाणाऱ्या किडींपासून स्वतःचा बचाव करण्यासाठी झाडाने घडविलेले विष आहे. माणसाच्या करमणुकीचा विचार त्यात झाडाने केलेला नाही.

या विषाचा सरळ उपयोग शेतकऱ्याने पूर्वीच हेरला होता. तंबाखूची देठे व चुरा पाण्यात उकळून, त्यात साबण कालवून, तो काढा मावा व तुडतुड्यांवर फवारीत. पुढे कारखान्यातून निकोटीन सल्फेट बाटलीत भरून येऊ लागले. परंतु हे द्रव्य कातडीतूनही अंगात भिनते. दवाने ओली झालेली पाने खुडणाऱ्या मजुरास मळमळ, ओकारी आणि चक्कर येते ती याचमुळे.

इतर उपयोग आहेत, पण त्यांचा पसारा लहान. बियांपासून निकोटीनविरहित तेल निघते. पानांतून सोलॅनेसॉल नावाचे द्रव्य काढून औषधनिर्मितीत वापरतात. कारखान्यातील टाकाऊ चुरा खत म्हणून शेतात जातो. विज्ञानावर मात्र या झाडाचे मोठे उपकार आहेत. त्याच्या पानांवरील केवडा रोगाचा शोध घेताना १८९८ मध्ये बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने जंतूहूनही सूक्ष्म अशा रोगकारकाची कल्पना मांडली आणि विषाणुशास्त्राचा पाया घातला गेला. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांना डॉक्टर निकोटीनयुक्त चघळगोळी देतात, हाही एक उपयोगच म्हणावयाचा.

अशा किरकोळ उपयोगांवर तंबाखू उत्पादकाचा संसार चालणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच तंबाखूवर बोलताना शेतकऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. निपाणीच्या परिसरात मालाला रास्त भाव मिळावा म्हणून रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. ते पीक घेणारा माणूस चैनीसाठी घेत नाही. पर्यायी पिकाचा आणि त्याच्या भावाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावा लागेल. आज मी पानाच्या दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे ते जेथे पोहोचते त्या तोंडाविषयी बोलणार आहे.

आपण तंबाखूचा विचार करतो तेव्हा डोळ्यांपुढे विडी-सिगारेट येते. महाराष्ट्राची वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आढळले. स्त्रियांत हे प्रमाण साधारणपणे सहांत एक असे होते. आपल्या गावातील या स्त्रिया विडी ओढीत नाहीत, आणि चारचौघांत तंबाखू मळतानाही सहसा दिसत नाहीत. मग ही तंबाखू जाते कोठे? तिचा मोठा वाटा मशेरीत जातो.

मशेरी कशी होते हे येथील भगिनींना मी सांगावयास नको. तंबाखूचे पान तव्यावर किंवा खापरावर काळे होईतो भाजावयाचे, कुटून पूड करावयाची आणि डबीत भरून ठेवावयाची. सकाळी बोटाने दातांना व हिरड्यांना लावावयाची, ती थोडा वेळ तशीच ठेवावयाची. मग दुपारी, कामावरून आल्यावर, रात्री निजताना पुन्हा. दात घासण्याचे काम एकदाच असते, डबी मात्र चार वेळा उघडते, आणि येथेच या दंतमंजनाचे खरे रूप उघडे पडते. निकोटीन हिरडीतून रक्तात जाते, भूक मारते, थकवा क्षणभर विसरावयास लावते. मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोके दुखते, असे स्त्रिया सांगतात. ते खोटे नाही. मात्र मशेरी औषध असल्याचा तो पुरावा नसून सवय जडल्याची ती खूण आहे.

भाजल्याने तंबाखूचा दोष जळून जातो असा समज आहे. घडते ते उलट. निकोटीन तर पुडीत राहतेच, शिवाय पान करपताना कर्करोगकारक अशी नवी द्रव्ये तयार होतात. मुंबईत गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास झाला व २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १२१७ स्त्रियांची नोंद होती. धूररहित तंबाखू, आणि त्यातही मुख्यत्वे मशेरी, वापरणाऱ्या मातांची बालके इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅम वजनाने कमी भरली, आणि अकाली प्रसूतीही त्यांच्यात अधिक आढळली. आधीच अशक्त असलेल्या आईच्या बाळाचे शंभर ग्रॅम म्हणजे काय, हे अंगणवाडीच्या वजनकाट्यापुढे बसणाऱ्या सेविकेस विचारावे.

आता १९९२ सालाकडे वळतो. त्या एकाच वर्षी केंद्र शासनाने दोन निर्णय घेतले. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांच्या उत्पादनास आणि विक्रीस बंदी केली, आणि निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक देशात वापरण्यास बंदी केली. म्हणजे जे द्रव्य पिकावरील माव्यावर फवारण्यासही अयोग्य ठरले, ते आपण हिरडीवर चोळीत राहिलो. कारखान्याच्या डबीवर कायद्याचा हात पडला. घरच्या तव्यापर्यंत तो पोहोचत नाही. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मशेरीसाठी लागणारे साधे पान दुकानात मिळतच राहिले. कायद्याचा हा दोष आहे असे मी म्हणत नाही. चुलीपाशी पोलीस उभा करता येत नाही.

म्हणून काही गोष्टी आपल्याकडेच राहतात. पहिली गोष्ट प्रश्नाची. गरोदर स्त्रीस ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर ती नाही म्हणते, आणि प्रामाणिकपणे म्हणते. कारण तिच्या लेखी मशेरी ही तंबाखू नव्हेच. नोंदवहीतही मग ‘नाही’ असेच उमटते. प्रश्न ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा?’ असाच विचारला गेला पाहिजे, आणि तोही सासूबाई शेजारी बसलेल्या नसताना.

दुसरी गोष्ट मुलांची. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस, तसेच शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत, तंबाखू विकण्यास मनाई आहे. आजीसाठी पुडी आणावयास दुकानात गेलेला तिसरीतला मुलगा हा कायद्याच्या दृष्टीने अज्ञान ग्राहकच होय, ही गोष्ट दुकानदारास समजावून सांगणे ग्रामपंचायतीस अवघड जाऊ नये. शिक्षकांनी मुलींची बोटे व दात पाहावेत. दात दुखतो म्हणून आईने लावलेली पहिली चिमूट बहुधा याच वयात लागते. दातदुखीवर इलाज हवा तो दंतवैद्याकडे. मशेरीने ठणका दबतो, कीड तशीच राहते.

तिसरी गोष्ट तपासणीची. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची तोंडाची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, तोंड पूर्वीइतके न उघडणे, तिखट अजिबात सहन न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्या व्यक्तीस थांबू देऊ नये, कारण आरंभीच्या अवस्थेत हा रोग बरा होतो. सवय सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा, आणि शेजारी ‘मशेरीसाठीसुद्धा’ हा शब्द जोडण्यास विसरू नये; नाहीतर ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्या भगिनी तो वाचून पुढे जातील.