हमीपत्रांतील बारीक अक्षर

मोटार विकत घेणारा गृहस्थ तिची किंमत, तिचा रंग आणि तिची बैठक मोठ्या बारकाईनें पाहतो. हमीपत्र मात्र घडी करून कपाटांत ठेवून देतो. तें बाहेर निघतें तें बिघाड झाल्यावर, आणि तेव्हां आढळून येतें कीं, ‘हमी’ या शब्दाचा दुकानदाराचा अर्थ निराळा आणि गिऱ्हाइकाचा निराळा.

या भेदाचा निवाडा ज्या एका खटल्यांत झाला तो अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांतला. सन १९५५ च्या मे महिन्यांत एका गृहस्थानें ब्लूमफील्ड मोटर्स या विक्रेत्याकडून प्लिमथ मोटार घेतली. मातृदिनानिमित्त पत्नीस दिलेली ती भेट होती. मोटार ताब्यांत आल्यापासून दहाव्या दिवशीं पत्नी ती हांकीत होती. गाडी अवघे ४६८ मैल धांवलेली. एकाएकीं पुढच्या बाजूस कांहीं तुटल्यासारखा मोठा आवाज झाला, सुकाणूचें चक्र हातांतून गरकन् फिरलें आणि गाडी उजवीकडे वळून विटांच्या भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चुरडला कीं, दोष कोणत्या अवयवांत होता हें तपासण्याची सोयच उरली नाहीं.

छापील हमीप्रमाणें जबाबदारी एवढीच होती: ९० दिवसांच्या अथवा ४,००० मैलांच्या आंत एखादा भाग वाहतुकीचा खर्च भरून कारखान्याकडे धाडावा, तो सदोष ठरल्यास बदलून मिळेल. तो सदोष आहे कीं नाहीं, हें ठरविणाराहि कारखानदारच! बाकीच्या सर्व हमी, उघड वा गर्भित, रद्द समजाव्या. चुरडलेल्या गाडीचा कोणता तुकडा धाडावा, हें कांहीं त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें. शिवाय खरेदीदार पति. चक्र धरणारी पत्नी कराराची पक्षकारच नव्हती.

१९६० सालीं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें हा बचाव फेटाळला. न्यायमूर्ति जॉन फ्रान्सिस यांच्या निकालपत्राचा गाभा सौद्यांतील विषमतेंत आहे. कारखानदारांच्या संघानें हमीचा एकच नमुना ठरविला होता व मोठे कारखाने तोच वापरीत. मग एका दुकानांत तो रुचला नाहीं म्हणून गिऱ्हाइकानें जावें कोठें? शेजारच्या दुकानांतहि तोच कागद. घासाघिशीस जेथें वावच नाहीं, तेथें बारीक अक्षरांच्या आडून जबाबदारी झटकतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें आणि पत्नीचा हक्कहि मान्य केला.

असे अपघात क्वचित्. नित्याची तक्रार देखभालीच्या खर्चाची. ब्रेकचें अस्तर, क्लच-प्लेट, टायर, वंगण हे झिजणारे जिन्नस बहुधा हमीबाहेर असतात. पण क्लच सहा महिन्यांत जळाला, तर तो घडणींतला दोष कीं चालकाच्या पायाचा? येथेंच वाद पेटतो. वेळेवर तेल बदलल्याची पावती नसली, तर कंपनीस तेवढें निमित्त पुरतें. अमेरिकेंत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानें, ठराविक छापाचाच भाग अगर ठराविक ठिकाणचीच दुरुस्ती हवी, अशी अट हमीस जोडण्यास सामान्यतः मनाई केली. ती वस्तु फुकट दिली तर गोष्ट वेगळी.

भारतांत ग्राहक संरक्षण कायदा १९८६ सालीं झाला. २०१९ च्या नव्या कायद्यानें अन्याय्य करारांविरुद्ध तक्रारीची वाट दिली. तरी हमीच्या शब्दांस वजन आहेच. मारुति उद्योगाच्या एका खटल्यांत क्लचच्या तक्रारीवरून सबंध मोटार बदलून देण्याचा हुकूम झाला होता. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. कारण हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची होती, मोटार बदलण्याची नव्हे. २०१० सालीं मात्र फियाट मोटारीच्या इंजिनांतील आवाजाबाबत त्याच न्यायालयानें स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणी ठरविली, आणि मूळ घडणीचा दोष निघाल्यास व्याजासह किंमत परत करण्यास सांगितलें.

अशा तपासणीपूर्वींच मालकानें गाडी परस्पर खोलविली, तर पुराव्यास जागा उरत नाहीं. दुरुस्तीच्या कागदावर तक्रार आपल्याच शब्दांत लिहविणें आणि काढलेला जुना भाग मागून घेऊन ठेवणें, एवढें त्याच्या हातीं असतें.