ट्रॅक्टरची सायंकाळ

सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्याकरिता दोन-तीन एकरांचे रान दिवसभर रोटाव्हेटरने भुसभुशीत करून घराची वाट धरण्याचा मोह कितीही स्वाभाविक असला, तरी यंत्राची खरी शुश्रूषा तेव्हाच सुरू होते. रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा इंजिन तापवितो, आणि रोटाव्हेटरच्या दांड्याला आवळून बसलेले काड बेअरिंगचे सील निकामी करते. ते विळ्याने कापण्यापूर्वी इंजिन बंद आणि अवजार जमिनीवर टेकलेले, हा दंडक कदापि मोडू नये. डिझेलची टाकी सायंकाळीच भरावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने रिकाम्या जागेतील बाष्पाचे पाणी होऊन इंधनात उतरत नाही. पीटीओ शाफ्टवरील संरक्षक आवरण काढून अडगळीत टाकण्याची आपली रीत तर सर्वस्वी अक्षम्य होय. धोतराचा सोगा वा साडीचा पदर तेथे क्षणार्धात गुंडाळला जातो. ते आवरण उद्याच पूर्ववत बसवून घ्यावे.