रुग्णसेवेत शिरताना

आम्ही बँकेतली माणसे, हिशेबानेच बोलतो. पेशंट सहायकाचा कोर्स काही महिन्यांचा. पगार लवकर सुरू होतो, पण नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, म्हणून नर्सच्या जागेला अर्ज करता येत नाही. बारावीनंतर एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३ वर्षांचा. दोन्हींना नोंदणी आहे. एएनएमला मुख्यतः गावातले उपकेंद्र व लसीकरण, जीएनएमला इस्पितळाचा वॉर्ड. घरची चूल अडली असेल तर सहायकाचे काम धरा, त्यात कमीपणा नाही. ३ वर्षे निभत असतील तर जीएनएमच करा. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आधी संस्थेची मान्यता तपासा. कर्नाटकात सरकारी नोकरीला कन्नड लागते, तेही शिका. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, बेळगावच्या वॉर्डात आपल्या आजीला "कुठं दुखतंय?" असे मराठीत विचारणारे माणूस आजच हवे. जय महाराष्ट्र!